कोणतं बेलापूर?

बाबांसमोर कांद्यांची पिशवी ठेवली की ते आधी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरतात. मग वाटणी सुरू होते. मोठे एकीकडे, गोल्टी एकीकडे, मानेशी ओल धरलेले तिसरीकडे, "हे आजच चिरा." हे चालू असताना ते माझ्याशी गप्पा मारत असतात, कांद्यांकडे धड बघतही नाहीत. छत्तीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर म्हणून गेली. आता गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. हात मात्र अजून ड्यूटीवर आहेत.

मी महापेच्या एमआयडीसीत एका कंपनीत लॉग सांभाळते. ऐरोलीहून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं, पावसात कितीही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात जुने रासायनिक कारखाने अजून आहेत आणि त्यांच्या शेजारी बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. आत माणसं कमी, यंत्रं फार. ही यंत्रं दिवसरात्र आपापली रोजनिशी, म्हणजेच लॉग, लिहीत असतात: कोण आलं, काय मागितलं, दिलं की नाही, कुठे अडखळलो. एकेका गोष्टीची एकेक ओळ. अशा दिवसाला कोट्यवधी ओळी आमच्याकडे येऊन पडतात आणि कुठल्या ओळीने कुठल्या कप्प्यात जायचं ते ठरवणं हे माझं काम. लग्नाआधी सासरी सांगताना मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर भागवलं होतं.

बाबा आमच्याकडे ऐरोलीला राहायला आले तेव्हा त्यांना एकदा सगळं नीट सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सॉर्टिंगच की. खाने किती?"

मी कधी मोजलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोजले. त्रेचाळीस.

"एवढे कशाला?" बाबा म्हणाले. त्या प्रश्नाकडे मी परत येणार आहे, कारण त्याचं उत्तर द्यायला मला दोन महिने लागले.

सुरुवातीची वर्षं बाबा धावत्या गाडीत सॉर्टिंग करायचे. डब्याच्या भिंतीला लाकडी खानेच खाने, वर पिवळा दिवा, एका हातात पत्रांची चवड आणि दुसऱ्या हाताने फेक. सकाळी घरी यायचे तेव्हा शर्टाला लाखेचा आणि तागाच्या पोत्यांचा वास असायचा. कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत मग दुपारपर्यंत कुणी मोठ्याने बोलायचं नाही, प्रेशर कुकरसुद्धा आई बाबा उठल्यावर लावायची.

ते नोकरीला लागले तेव्हा पिन कोड येऊन थोडीच वर्षं झाली होती, लोकांच्या अंगवळणी पडला नव्हता. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला. त्याच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा आपला मराठी माणूस, सरकारी अधिकारी आणि वर संस्कृतात कविता नि नाटकं लिहिणारा. बाबा हे अजूनही असं सांगतात की जणू वेलणकर आमच्याच चाळीत राहायचे. सहा अंक. पहिल्यावरून देशाचा विभाग, पहिल्या तिन्हींवरून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटच्या तिन्हींवरून पोस्ट ऑफिस. ठाणे ४००६०१, वाशी ४००७०३, आमची ऐरोली ४००७०८.

"पण बेलापूर घे," बाबा म्हणतात. हे त्यांचं आवडतं उदाहरण, घरात सगळ्यांना पाठ आहे. एक बेलापूर हे इथलं, खाडीकाठचं, सीबीडीचं. दुसरं नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलं, श्रीरामपूरजवळचं. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नावही बेलापूरच. पाकिटावर नुसतं 'मु. पो. बेलापूर' लिहिलेलं असेल तर नवा सॉर्टर फसायचा. वाशीच्या पलीकडे जायचं पत्र दौंड-मनमाड मार्गावर फिरून यायचं, अंगावर 'मिससेंट'चा शिक्का घेऊन. ४००६१४ लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. श्रीरामपूरकडचे पिन ४१३ने सुरू होतात. "माणसाला नाव पुरतं," बाबा म्हणतात, "खान्याला नंबर लागतो."

आमच्याकडे बेलापुरं दोन नाहीत, शेकड्याने आहेत. नवं यंत्र बसवताना त्याला नाव द्यायचं राहून गेलं की ते स्वतःला 'लोकलहोस्ट' म्हणवतं. म्हणजे प्रत्येक पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता काय, तर 'घर'. कुणाचं घर, हे कुणी सांगायचं?

पिन कोडसारखं काहीतरी आमच्याकडेही आहे आणि गंमत म्हणजे त्याचा जन्म टपालातच झाला. १९८०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला एरिक ऑलमन यांनी ईमेल पोचवणारा सेंडमेल नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या नोंदी ठेवायला म्हणून जी पद्धत काढली ती सिसलॉग. पुढे सगळ्यांनीच ती उचलली. सिसलॉगच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो. समजा १३४. त्याला आठने भागायचं: भागाकार १६, बाकी ६. भागाकारावरून कळतं कुणी पाठवलंय, बाकीवरून किती निकडीचं आहे. बाकी शून्य म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे चूक झाली, ६ म्हणजे नुसती माहिती, ७ म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची स्वतःशी चाललेली बडबड. बाबांना हे भागाकाराचं प्रकरण फार आवडलं. कांदे बाजूला ठेवून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला १६५ भागून बघितले. वीस, बाकी पाच.

पण 'कुणी पाठवलं' याची जी यादी आहे, शून्य ते तेवीस, ती त्या काळातली. तिच्यात ईमेलला स्वतंत्र नंबर आहे, छपाईला आहे, आता कुणी वापरत नाही अशा जुन्या नेटवर्कलाही आहे. वेबसाइटला नाही. डेटाबेसला नाही. मग १६ ते २३ असे जे आठ 'लोकल' नंबर मोकळे ठेवलेत, त्यांत आख्खं जग कोंबायचं. बंद पडलेल्या ऑफिसांच्या पाट्या लावलेले खाने रिकामे आणि कोपऱ्यातल्या आठांत चेंगराचेंगरी, अशी आमची स्थिती.

आता माझी पहिली फजिती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने नियम लिहिला होता: ओळीत 'एरर' हा शब्द कुठेही दिसला की ती ओळ तातडीच्या कप्प्यात टाक आणि रात्रपाळीच्या माणसाला फोन कर. घणसोलीचा एक शांत, देवभोळा मुलगा तेव्हा रात्रपाळीला होता. सकाळी मी पोचले तर तो पायरीवर बसलेला. रात्रभर फोन थांबला नव्हता. ओळ उघडून बघितली: 'चेक कम्प्लीट, झीरो एरर्स'. सगळं ठीक आहे असं एक यंत्र दर मिनिटाला प्रामाणिकपणे कळवत होतं. मी 'एरर' काढून 'फेल' घातलं. त्याने 'फेलओव्हर' पकडलं, म्हणजे एक वाट बंद पडल्यावर यंत्राने दुसरी वाट व्यवस्थित धरली, त्याची शाबासकी.

हे ऐकून बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "तू पत्र वाचून खाना ठरवत होतीस?" त्यांनी विचारलं.

मला आधी त्यात काय चुकलं ते कळेना. यंत्रच वाचतंय, मी कुठे वाचतेय?

"पोस्टकार्ड उघडंच असतं," ते म्हणाले. "सगळं दिसतं. बाळंतपणं, तेराव्याची पत्रं, मुलगी पसंत नाही म्हणून कळवलेलं. पण सॉर्टरने पत्त्याची बाजू बघायची. दुसरी बाजू वर आली तर उलटवायची."

मी तेव्हा हे सोडून दिलं. जुन्या माणसांची तत्त्वं म्हणून. नंतर एका दुपारी नवा नियम लिहायला नमुना हवा म्हणून मी एका ॲपच्या ओळी चाळत होते. कर्जाचे अर्ज घेणारं ॲप. ते लिहिणाऱ्यांनी तपासणीसाठी म्हणून अर्जदाराचं नाव, मोबाइल नंबर आणि निकाल, सगळं ओळीत जसंच्या तसं ओतलं होतं, आणि तो कप्पा कंपनीत कुणालाही उघडता येत होता. चाळता चाळता एक नाव दिसलं. आमच्याच सोसायटीतलं, आमच्याच विंगमधलं. अर्ज नामंजूर. संध्याकाळी त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. "आज लवकर?" म्हणाल्या. मी मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो कप्पा बंद केला, ॲपवाल्यांशी भांडून नावं-नंबर ओळीत लिहिणं थांबवलं, आणि नियम नव्याने लिहायला घेतले. आधी पाकीट बघायचं: कुठल्या यंत्राकडून आलं, कुठल्या दारातून आलं, वरचा आकडा काय सांगतो. ऐंशी टक्के काम तिथेच भागतं असं मी म्हणणार होते, पण मोजलेलं नाही, बरंचसं भागतं. आतला मजकूर शोधायचा तो अगदी नाइलाजाने. यात सोवळेपणा नाही, व्यवहारही तेच सांगतो. कोट्यवधी ओळींत शब्द शोधत बसलं की यंत्राला धाप लागते, आणि प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत कुणी 'फेल्ड'चं 'अनसक्सेसफुल' केलं की आपला नियम मुकाट्याने आंधळा होतो. पत्ता इतक्या लवकर बदलत नाही.

पाकीट खोटं बोलत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत रबाळ्याच्या एका जागी नवे स्विच, म्हणजे यंत्रांना नेटवर्कशी जोडणारे डबे, बसवले. एका रात्री बाराच्या चाळीसला त्यांतल्या एकाची लिंक गेली. स्विचने तत्काळ ओळ पाठवली. आमची ओळ वाटणारी यंत्रणा जागी होती, कप्पा बरोबर होता, नियम बरोबर होता. फोन वाजला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. तोवर ग्राहकाने आमच्या साहेबांना झोपेतून उठवून झालं होतं.

बाराच्या चाळीसपासून सहाच्या दहापर्यंत. मोजा. साडेपाच तास. आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरला हा आकडा दिसला की पुढचं सांगावं लागत नाही. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगच्या ओळीत महिना, तारीख आणि वेळ असते. वर्ष नसतं आणि ती वेळ कुठल्या देशाची हेही नसतं. स्विचने भारतीय वेळ लिहिली होती, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. घेणाऱ्याला आम्ही सांगून ठेवलं होतं की येणारी वेळ ग्रीनिचची समज. त्यामुळे ती ओळ साडेपाच तास पुढच्या भविष्यातली ठरली. आमचा पहारेकरी दर मिनिटाला 'गेल्या पाच मिनिटांत काय आलं' एवढंच बघतो. भविष्यातली ओळ त्याला दिसली नाही. सकाळी घड्याळ तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा त्याने इमानेइतबारे आरोळी ठोकली.

साहेबांना लेखी खुलासा दिला. बाबांना तोंडी दिला. ते म्हणाले, "आणि पोचल्याचा शिक्का?"

पत्रावर दोन शिक्के असायचे. टाकलं तिथला आणि पोचलं तिथला. टाकलेल्या शिक्क्याची तारीख पुसट असली, चुकीची असली, तरी पोचल्याचा आपल्या हातातला. मी दोन्ही वेळा ठेवायला सुरुवात केली, पाठवणाऱ्याची आणि आपल्याकडे आल्याची, आणि दोहोंत दहा मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळ वेगळी काढायची. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला सांगितलंच होतं, आम्ही सर्व्हरची जुळवलीही होती. घड्याळ बरोबर असून पाटी चुकीची असू शकते, हे कुठल्या परिपत्रकात लिहिणार?

त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस देशातच सांभाळून ठेवायला सांगितलंय. इथे मला बाबांच्या 'एवढे कशाला'चं उत्तर सापडलं. कप्पा केला की तो पोसावा लागतो. डिस्क लागते, आणि डिस्क भरत आली की शोधयंत्रणा लिहिणंच थांबवते. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेत ठरवून दिलेली पायरी ९५ टक्क्यांची आहे, ती ओलांडली की तिथल्या नोंदवह्यांना कुलूप. म्हणून एकेका कप्प्याला मी दोनच गोष्टी विचारल्या: तुझी बॅग कोण उचलतं, आणि किती दिवस ठेवायची? ज्यांना पहिल्याचंच उत्तर देता येईना असे चोवीस निघाले. कुणीतरी कधीतरी हौसेने केलेले, निम्मे माझेच. एकोणीस उरले. बडबडीच्या ओळी सात दिवसांत पुसायच्या, आत-बाहेर जाण्याच्या नोंदी १८० दिवस.

दोन ठिकाणी मात्र बाबांचं आणि माझं जमत नाही. माझी ओळ एकाच वेळी दोन कप्प्यांत जाऊ शकते, सुरक्षावाल्यांकडे आणि नेटवर्कवाल्यांकडेही. "एक पत्र दोन बॅगांत?" बाबांना हे अजून पटलेलं नाही, झेरॉक्स म्हटल्यावरही. दुसरं, ओळी वाटायला आम्ही वापरतो त्या ग्रेलॉग नावाच्या प्रोग्राममध्ये ओळीचा कप्पा ती येते त्या क्षणी ठरतो. आज नियम सुधारला तरी कालच्या ओळी कालच्याच जागी. यावर ते म्हणाले, "मग काय, कालची गाडी थोडीच मागे येते?" त्यांना यात सांगण्यासारखं काहीच वाटलं नाही.

राहिला तो सगळ्यांत खालचा कप्पा. कुठलाच नियम ज्यांना लागू पडला नाही त्या ओळी तिथे साचतात. डिफॉल्ट स्ट्रीम. तिच्याकडे कुणीही बघत नाही, मीही बघत नव्हते. टपालात यालाच पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणायचे, नंतर रिटर्न्ड लेटर ऑफिस. घेणारा सापडत नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, अशी पत्रं तिथे जायची. आमच्या क्षेत्रातही जे पोचवता आलं नाही त्याच्या रांगेला 'डेड लेटर क्यू' म्हणतात. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे पत्र उघडायची परवानगी असते. फक्त तिथेच. आत पत्ता सापडतो का बघायला."

म्हणून आता मी सोमवारी सकाळी, मेल उघडण्याआधी, चहा घेऊन तळाचा कप्पा वाचते. नियमाने नाही, डोळ्यांनी. बहुतेक केर असतो. गेल्या पावसाळ्यात त्यात एक ओळ दिसली. नाव लोकलहोस्ट, पत्ता जुन्या मालिकेतला, वरच्या आकड्याची बाकी ६, नुसती माहिती. रोज पहाटे तीन दहाला एकच ओळ: 'बॅकअप सक्सेसफुल, फाइल्स झीरो'. मागे जाऊन बघितलं. आदल्या रात्रीही झीरो. त्याच्याही आदल्या रात्री. आमच्याकडे जितक्या मागचं शिल्लक होतं तितकं सगळं झीरो.

मालक शोधायला तीन आठवडे लागले. प्रत्येक विभागाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी एका ग्राहकाच्या हिशेब विभागातून एक गृहस्थ फोनवर आले. त्यांनी आपलं काम नव्या सर्व्हरवर हलवलं होतं, बॅकअप घेणारं यंत्र मात्र जुन्याच रिकाम्या फोल्डरची राखण करत बसलं होतं.

"पण मॅडम," ते म्हणाले, "रोज सक्सेसफुल तर येतंय ना?"

त्या दिवशी मी तत्त्व मोडून मजकूर वाचणारा नियम लिहिला. 'फाइल्स झीरो' दिसलं की फोन. ज्याच्या पाकिटावर काहीच धड नाही त्याला दुसरा उपाय नव्हता. खात्री करावी म्हणून पहिल्या रात्रीपुरता नंबर माझाच घातला.

पहाटे तीन वाजून अकरा मिनिटांनी फोन वाजला. मी धडपडत हॉलमध्ये आले तर दिवा लागलेला होता. नाइट सेटची सवय, या वेळी बाबा जागेच असतात.

"खरा होता का?" त्यांनी विचारलं.

"खरा होता."

"मग चहा टाक," ते म्हणाले.